लेखकाचा अडत्या

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांस घेऊन आमच्याकडे आला. त्यानें इंग्रजींत एक कादंबरी लिहिली आहे. आपण लेखकांचे एजंट आहों असें म्हणविणाऱ्या एका गृहस्थांचें पत्र त्याच्या हातीं होतें. कादंबरी वाचून पाहण्याबद्दल व ती योग्य स्थळीं पोंचविण्याबद्दल आगाऊ रक्कम पाठवावी, असा त्यांतील मजकूर होता. वडिलांनीं विचारिलें, "गुरुजी, हे पैसे भरावे कीं नाहीं?" भरूं नयेत, असें आम्हीं तत्काळ सांगितलें, परंतु तें कां, हें समजावून देण्यास चांगला अर्धा तास लागला. तोच विषय आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें.

एजंट या शब्दानें कोणी बिचकूं नये. शेतकरी आपला गूळ पेठेंत आणतो, तेव्हां अडत्या तो विकून देतो आणि विक्री झाल्यावर अडत घेतो. गूळ विकलाच गेला नाहीं, तर अडत कशाची? लेखकाचा एजंट हाहि असाच एक अडत्या होय. भेद इतकाच कीं, त्यानें नेहमीं लेखकाच्याच बाजूनें बोलावयाचें असतें.

हा धंदा लंडन शहरांत सुमारें १८७५ सालापासून अलेक्झांडर पोलक वॉट या स्कॉटिश गृहस्थानें नांवारूपास आणिला. आपले स्नेही, कादंबरीकार जॉर्ज मॅकडोनल्ड, यांच्या कथा विकून देण्यापासून त्याचा आरंभ झाला असें सांगतात. तो मिळकतीवर शेंकडा दहा घेई. आज इंग्लंड-अमेरिकेंत हा दर बहुधा शेंकडा पंधरा असून, परदेशी हक्कांवर तो वीसपर्यंत जातो. परंतु दर कोणताहि असो, तो लेखकास मिळालेल्या पैशांतून कापला जातो. लेखकाच्या खिशांतून आधीं काढला जात नाहीं. अमेरिकेंतील एजंटांच्या संस्थेनें तर आपल्या सभासदांस वाचनशुल्क घेण्याची मनाईच केली आहे.

मग लेखकानें स्वतःच प्रकाशकाकडे कां जाऊं नये? मराठींत तो बहुधा तसाच जातो, आणि त्यांत कांहीं वावगें नाहीं. इंग्लंड-अमेरिकेंतील मोठे प्रकाशक मात्र एजंटावांचून आलेलें हस्तलिखित आज बहुधा उघडूनहि पाहत नाहींत. शिवाय करारपत्राचा प्रश्न आहेच. याविषयीं अगाथा ख्रिस्ती या बाईंची हकीकत सांगण्याजोगी आहे.

तरुणपणीं त्यांनीं एक कादंबरी लिहिली होती. टॉर्की येथील त्यांचे शेजारी, कादंबरीकार ईडन फिलपॉट्स, यांनीं त्यांस ह्यूज मॅसी नांवाच्या एजंटाकडे पाठविलें. मॅसीसाहेबांनीं कांहीं महिन्यांनीं हस्तलिखित परत केलें व, हें बाजूस ठेवून दुसरें लिहावें, असा सल्ला दिला. बाईंनीं तो मानला. १९१६ सालीं त्यांनीं पॉयरोची पहिली कादंबरी लिहिली व ती स्वतःच प्रकाशकांकडे धाडण्यास आरंभ केला. एकामागून एक नकार आले. शेवटीं बोडली हेड या प्रकाशनसंस्थेनें ती जवळजवळ दोन वर्षें ठेवून घेतली आणि मग बाईंस भेटीस बोलाविलें. इतक्या दिवसांनीं होकार आला म्हणतांच, आनंदाच्या भरांत, पुढें आलेल्या कागदावर त्यांनीं सही केली! पहिल्या दोन हजार प्रती खपेपर्यंत लेखिकेस कांहींच मिळावयाचें नव्हतें, आणि पुढील पांच कादंबऱ्या त्याच प्रकाशकांस प्रथम द्यावयाच्या होत्या. त्या पुस्तकापासून बाईंच्या हातीं पडले ते अवघे पंचवीस पौंड, आणि तेहि एका साप्ताहिकानें कथा क्रमशः छापली म्हणून.

कांहीं वर्षांनीं त्या पुन्हां मॅसीसाहेबांच्या कचेरींत गेल्या. साहेब तोंवर वारले होते; त्यांच्या जागीं एडमंड कॉर्क नांवाचा तरुण होता. करारांतील कलमें ऐकून तो चकित झाला. केलेला करार पाळणें भागच होतें. तो पुरा होईपर्यंत कॉर्कनें कॉलिन्स या प्रकाशकांशीं बऱ्याच उदार अटींवर नवा करार ठरविला, आणि १९२६ सालीं 'रॉजर ॲक्रॉइड'चा खून हें विख्यात पुस्तक त्यांच्याकडून बाहेर पडलें. जेथून एकदां नकार आला होता, त्याच कचेरीनें पुढें सुमारें पन्नास वर्षें बाईंचा व्यवहार सांभाळला.

एजंटास पत्र कसें लिहावें, हें थोडक्यांत सांगतां येतें. कादंबरी पुरी झाल्यावांचून लिहूं नये. त्या एजंटानें पूर्वीं कोणत्या प्रकारचीं पुस्तकें विकलीं आहेत तें पाहावें. पत्र एका पानाचें असावें. सोबत कथेचा सारांश व, मागितलीं असतील तितकींच, आरंभींचीं प्रकरणें जोडावीं. उत्तरास कित्येक आठवडे, प्रसंगीं महिनेहि लागतात. आपल्या कृतीची आपणच स्तुति करूं नये. आमच्या विद्यार्थ्यानें पहिल्या खर्ड्यांत ती केली होती, ती आम्हीं खोडून टाकिली.

त्या आगाऊ रक्कम मागणाऱ्या गृहस्थांसहि त्यानें आमच्या सांगण्यावरून दोन ओळी लिहिल्या: आपण आजवर कोणाचीं पुस्तकें कोणत्या प्रकाशकांस दिलीं, तें कळवावें. त्या पत्रास अद्याप उत्तर नाहीं. विद्यार्थी कादंबरीचें तिसरें प्रकरण पुन्हां लिहीत आहे. तें आम्हांसहि थोडें लांबलेलें वाटलें होतें.