पन्नास वर्षांचा पाऊस एका फाइलीत

माझे बाबा चौमूंत गलाईचे काम करतात. आमचे गाव सांगली जिल्ह्यात, विट्याजवळ. आजोबा फोनवर विचारतात, "तिकडं पाऊस कसा?" आणि बाबांचे उत्तर ठरलेले असते, "तुमचा सुरू व्हायच्या आत आमचा संपतो." हे खरे आहे का, ते मी सुट्टीत 'आर' या संगणक भाषेत तपासायचे ठरवले.

हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडून १९०१ पासूनचा रोजचा पाऊस मिळतो. नकाशावर पाव अंशाची जाळी टाकलेली असते. तिचे १३५ गुणिले १२९, म्हणजे १७,४१५ बिंदू, आणि दर वर्षाची फाइल वेगळी. मी १९७१ ते २०२० च्या ५० फाइली घेतल्या आणि पहिलीच पूर्ण डेटा फ्रेम म्हणून उघडली. एका वर्षाच्या ६३ लाखांवर ओळी! 'आर' सगळे काही रॅममध्ये धरून ठेवते, त्यामुळे काही वर्षांतच लॅपटॉप गारठला. म्हणून आधी छाटणी, मग जोडणी. चौमूंजवळचा बिंदू (२७.२५ उत्तर, ७५.७५ पूर्व) आणि विट्याजवळचा (१७.२५, ७४.५) एवढेच ठेवले.

जोडणीतही मी चुकलो. फाइल वाचली की लगेच 'आर-बाइंड'ने मोठ्या तक्त्याला चिकटवत होतो. पण 'आर' जुन्या तक्त्याला शेपूट जोडत नाही, दर वेळी पूर्ण तक्ता नव्याने लिहिते. नवा शर्ट मिळाला की अख्खी ट्रंक दुसऱ्या ट्रंकेत भरायची, तसे. ५० फाइलींसाठी १ + २ + ... + ५० म्हणजे १,२७५ वर्षांचे सामान हलते. त्याऐवजी प्रत्येक वर्षाचा छोटा तक्ता एका यादीत ठेवावा आणि शेवटी 'डू-कॉल'ने 'आर-बाइंड' एकदाच चालवावे.

एका वर्षात मी रकान्याला 'पाऊस'ऐवजी 'पर्जन्य' नाव दिले होते. 'आर-बाइंड'ने जोडायला नकार दिला. 'बाइंड-रोज' तक्रार करत नाही, दोन रकाने करून रिकाम्या जागा सोडते. मला नकार देणारा बरा वाटतो.

मग हजेरी घेतली. दोन बिंदूंच्या ३६,५२६ ओळी हव्या होत्या, भरल्या ३६,५००. गैरहजर २६! मधली १३ वर्षे लीप होती आणि मी सगळ्यांना ३६५ च तारखा दिल्या होत्या. ३१ डिसेंबर गळला, ते तर सोडाच. २९ फेब्रुवारीला १ मार्च नाव पडल्याने पुढचा प्रत्येक दिवस सरकला आणि ३१ जुलैचा पाऊस ऑगस्टच्या खात्यात गेला. प्रश्नच महिन्यांचा होता, म्हणजे सगळे उत्तर डळमळले. (गंमत म्हणजे 'आर'ची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० लाच आली होती.)

साठवताना आधी सीएसव्ही केली. परत वाचल्यावर तारखा नुसता मजकूर झाल्या आणि ओळींच्या क्रमांकांचा एक फुकटचा रकाना आला. 'सेव्ह-आरडीएस'ने ठेवले तर तारीख तारीखच राहते आणि फाइलही दाबून लहान होते. मात्र ती 'आर'बाहेर सहज उघडत नाही, म्हणून दुसऱ्याला द्यायची प्रत सीएसव्हीच बरी.

बाबा बरोबर निघाले. चौमूंचा भर जुलै-ऑगस्टवर, विट्याचा सप्टेंबरवर. आजोबांना सांगितले, तर म्हणाले, "ते मला ठावं हाय. परतीचा पाऊस येगळा काढून दाव की." आता ५० फाइली पुन्हा उघडायच्या नाहीत. 'रीड-आरडीएस'ची एक ओळ, आणि ऑक्टोबर वेगळा काढायचा.