रेबीजचा संशय आणि भटक्या मांजराचा सांभाळ

भटके मांजर रेबीजच्या संशयावरून वेगळे ठेवण्याची वेळ दोन कारणांनी येते. मांजर माणसाला चावले वा त्याने बोचकारले, तर ते १० दिवस नजरेखाली ठेवतात. मांजरालाच पिसाळलेल्या जनावराने चावा घेतला असेल आणि त्याला लस दिलेली नसेल, तर मुदत महिन्यांवर जाते. अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनांत ती ४ महिने आहे. सांभाळायला पुढे येणाऱ्यांची गल्लत बहुधा इथेच होते.

विषाणू नसांवाटे मेंदूत पोचल्यावरच लाळेत उतरतो आणि मग जनावर काही दिवसांतच दगावते. दहाव्या दिवशी मांजर धडधाकट असेल, तर चावले तेव्हा लाळेत विषाणू नव्हता एवढेच कळते. चावलेल्या माणसाचा घोर मिटतो, मांजराचा मिटतोच असे नाही. रोग त्याच्या अंगात मुरत असू शकतो. अकराव्या दिवशी ते घरच्या मांजरांत सोडणे म्हणूनच घाईचे. मध्येच जिन्याखालचे आणखी एक पिल्लू त्याच खोलीत आणून ठेवले, तर दिवस मोजण्याला अर्थच उरत नाही. दयेपोटी हे हमखास घडते आणि ते कटाक्षाने टाळायला हवे.

सांभाळणाऱ्याने स्वतःची लस आधी पूर्ण करावी: पहिल्या दिवशी, ७ व्या दिवशी आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. लस पूर्ण झालेल्याला पुढे चावा बसला, तर दोनच डोस पुरतात आणि जखमेत सीरम भरावे लागत नाही. तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायचीच. हळद, तिखट, चुना काही लावू नये. दहा दिवस काय होते ते पाहू, म्हणत इंजेक्शन लांबवणे जिवावर बेतते. ते त्याच दिवशी सुरू करायचे.

फ्लॅटमध्ये जाळी लावलेले बाथरूम सोयीचे पडते. वाटी आत सरकवावी, हाताने भरवू नये, तोंडात गोळी घालू नये. या १० दिवसांत मांजराला रेबीजची लसही टोचत नाहीत, कारण लसीने आलेली सुस्ती आणि रोगाची सुरुवात यांत फरक करणे अवघड जाते.

स्वभावातला बदल ही सर्वांत मोलाची खूण. आवाज घोगरा होणे, लाळ गळणे, मागचे पाय लटपटणे, दिसेल त्यावर झेपावणे ही लक्षणे सहज ओळखू येतात. फसवते ते उलटे वागणे. कालपर्यंत बादलीमागे दडून फिसकारणारे मांजर आज अचानक पायाला अंग घासू लागते. लळा लागला, या आनंदात हात पुढे जातो. तो आवरावा, दार ओढून घ्यावे आणि पशुवैद्याला लगेच फोन करावा. लळा हळूहळू लागतो; एका रात्रीत पालटलेल्या वागण्याकडे संशयानेच पाहिले पाहिजे.

जिवंत मांजराचा रेबीज खात्रीने सांगणारी चाचणी नाही. निदान मेंदूच्या तपासणीतूनच होते. मांजर दगावले तर सोसायटीच्या आवारात पुरू नये. उघड्या हाताने न उचलता पशुवैद्य किंवा महापालिकेला कळवावे. नमुना बर्फात थंड ठेवतात, गोठवत नाहीत. मांजर सुखरूप राहिले, तर मुदत संपताच पशुवैद्याकडून तपासून लस टोचून घ्यावी. पिल्लांना ती ३ महिन्यांची झाल्यावर देतात, आणि वर्षाने पुन्हा.