जहाजाविरुद्धचा दावा आणि न्यायालय

जहाज हे शेत किंवा घर यांप्रमाणे एका जागी राहणारे नव्हे. आज ते मुरगाव बंदरात असेल, तर महिन्याभराने दूरच्या परदेशी बंदरात. त्याचा मालक एका देशाचा, निशाण दुसऱ्या देशाचे व खलाशी तिसऱ्या देशाचे, असेही पुष्कळदा असते. अशा वेळी खलाशाचा पगार थकला किंवा व्यापाऱ्याच्या मालाची हानी झाली, तर दाद कोणाविरुद्ध मागावयाची? मालक हाती लागत नसला तरी जहाज समोर असते. म्हणून कायद्याने जहाजाविरुद्धच दावा लावण्याची सोय केली आहे.

असा दावा दाखल झाल्यावर उच्च न्यायालय जहाज अडकवून ठेवण्याचा आदेश देऊ शकते. यास जहाजाची अटक म्हणतात. ही शिक्षा नव्हे; दाव्याच्या रकमेसाठी तारण मिळविण्याचा तो उपाय आहे. मालकाने बँक हमी किंवा अन्य पुरेसे तारण दिले की जहाज मोकळे होते व दावा पुढे चालतो. तारण न मिळाल्यास जहाजाचा लिलाव करून त्या रकमेतून देणी भागविता येतात. अटक अन्यायाची ठरल्यास मालकास भरपाई मिळावी, यासाठी दावेदाराकडून हमी घेण्याचाही अधिकार न्यायालयास आहे.

या कायद्याच्या वाटचालीत गोव्यातील एका प्रकरणास विशेष महत्त्व आहे. 1984 साली ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ हे परदेशी मालकीचे जहाज वास्को येथील एका कंपनीचा माल घेऊन मुरगावहून निघाले. माल चढविल्याची आवश्यक कागदपत्रे दिली नाहीत आणि खरेदीदाराने किंमत चुकती केलेली नसताना, मनाई करूनही माल त्याच्या हवाली केला, अशी कंपनीची तक्रार होती. पुढे तेच जहाज विशाखापट्टणम बंदरात आले, तेव्हा आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशाने ते अडकविण्यात आले.

असे दावे चालविण्याचा अधिकार ब्रिटिश अमदानीतील 1890 व 1891 च्या कायद्यांनी मुंबई, कलकत्ता व मद्रास या उच्च न्यायालयांकडे आला होता. म्हणून आंध्रच्या न्यायालयास तो नाही, तसेच देशाबाहेर जाणाऱ्या मालाविषयी जुन्या कायद्यात तरतूद नाही, असा मालकपक्षाचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने 1992 साली तो अमान्य केला. स्वतंत्र भारताची उच्च न्यायालये परकीय राजवटीच्या जुन्या मर्यादांत अडकून पडलेली नाहीत, हे या निर्णयाने स्पष्ट झाले.

त्यानंतर संसदेने 2017 साली सागरी दाव्यांविषयी स्वतंत्र कायदा केला व तो 1 एप्रिल 2018 पासून अंमलात आला. गोवा व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांसाठी मुंबई उच्च न्यायालय हे दावे चालविते.

गोव्यातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ तारवटींच्या, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या, कमाईवर चालतो. त्यांच्या दृष्टीने या कायद्यातील अग्रक्रम महत्त्वाचा आहे. जहाजावरील खास धारणाधिकारांत कप्तान, अधिकारी व खलाशी यांचे थकलेले वेतन आणि त्यांना मायदेशी परत आणण्याचा खर्च यांना पहिले स्थान आहे. त्यानंतर जीवितहानी व दुखापत, जहाज वाचविण्याचा मोबदला, बंदराची देणी इत्यादी दावे येतात. जहाज गहाण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकेचा क्रम या सर्वांच्या मागे लागतो. जहाजाचा मालक बदलला म्हणून हा धारणाधिकार नाहीसा होत नाही.

मात्र त्यास मुदत आहे. वेतनाच्या बाबतीत ती दोन वर्षे व इतर बाबतींत एक वर्ष आहे. शिवाय जहाज भारतीय सागरी हद्दीत असेल तेव्हाच येथील न्यायालयास ते अडकविता येते. म्हणून नोकरीचा करारनामा, वेतनाच्या पावत्या व जहाजावर चढल्या-उतरल्याच्या नोंदी प्रत्येक तारवटीने जपून ठेवाव्यात, त्यांच्या प्रती घरी द्याव्यात आणि वेतन थकताच विनाविलंब जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. जहाज निघून गेल्यावर हक्क उरला तरी तो वसूल करणे फार कठीण होऊन बसते.