धातूचे चिलखत

तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावणारा कारागीर पूर्वी कोल्हापुरात घरोघरी परिचित होता. तो जमिनीत लहानशी भट्टी करी, भात्याने निखारे फुलवी आणि भांडे तापवून त्यावर नवसागराची पूड टाकी. नवसागराने भांड्याचा काळिमा निघून जाई. मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने घासताच भांडे आतून रुपयासारखे चकाकू लागे. चिंचेचा सार किंवा ताक उघड्या तांब्यात ठेवले, तर ते कळकते. कथलाचा पातळ पडदा मध्ये असला, म्हणजे ते भय राहत नाही. धातूचा पातळ थर देऊन हानी टाळण्याची ही युक्ती जुनीच आहे. आज तिचाच उपयोग अत्यंत बलवान अशा चुंबकांच्या रक्षणासाठी केला जातो.

विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीत साध्या लोहचुंबकाहून कितीतरी प्रबळ चुंबक बसविलेला असतो. तो निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या संमिश्राचा बनतो. १९८०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जपानात मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे त्याचा शोध लावला. निओडिमियम हे ‘दुर्मिळ मृदा’ या गटातील मूलद्रव्य आहे. ही मूलद्रव्ये नावाप्रमाणे फारशी दुर्मिळ नाहीत. परंतु ती एकमेकांत मिसळलेली असतात व त्यांना वेगळे करणे अतिशय कष्टाचे असते.

चुंबक तयार करताना या संमिश्राची अत्यंत बारीक भुकटी करतात. कवायतीच्या मैदानावर मुले एकाच दिशेस तोंड करून उभी राहतात, त्याप्रमाणे भुकटीचे कण चुंबकीय बलाने एका दिशेस वळवितात आणि मग दाबून व तापवून त्यांचा ठोकळा करतात. काही चुंबकांत ही भुकटी प्लास्टिकमध्ये मिसळून साच्यात घालतात.

परंतु भुकटी होताच एक संकट उभे राहते. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांत काम करणाऱ्यास विचारा. तो सांगेल की, पावसाळ्यात लोखंडाच्या जाड कांबीपेक्षा त्याचा कीस फार लवकर गंजतो. याचे कारण गणिताने कळेल. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे १ मिलिमीटर बाजूचे १,००० घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे कण केले, तर तेच ६,००० चौरस सेंटिमीटर होते! जितके पृष्ठफळ अधिक, तितकी हवेला व दमटपणाला शिरकाव करण्यास जागा अधिक. अतिबारीक भुकटी तर हवा लागताच पेटूही शकते.

कणाच्या पृष्ठभागावरील निओडिमियमचा प्राणवायूशी संयोग झाला, की तेथे मऊ चुंबकीय गुणाचे लोह उरते. चांगला चुंबक विरोधी बलापुढे आपली दिशा सोडत नाही; हे लोह मात्र चटकन वळते. पन्हाळ्यासारख्या गडाच्या तटाला एकच खिंडार पडावे आणि तेथून शत्रू आत शिरावा, तशी ही फितुरी पृष्ठभागापासून सुरू होऊन सबंध कणात पसरते.

म्हणून कणाला धातूचे चिलखत चढवितात. रासायनिक द्रावणात भुकटी ढवळून तिच्यावर निकेल किंवा तांबे बसविता येते. समेरियम, लोह व नायट्रोजन यांच्या भुकटीत जस्ताची पूड मिसळून तापविली, तर ते जस्त पृष्ठभागावरील मऊ लोहाशी संयोग पावते आणि त्याचा उपद्रव थांबवते. येथे रक्षणाबरोबर दुरुस्तीही होते. तयार ठोकळ्यावर बहुधा निकेल, तांबे व पुन्हा निकेल असे तीन थर देतात. ते सर्व मिळून आपल्या केसापेक्षाही पातळ असतात.

येथे प्रमाण मात्र सांभाळावे लागते. कणावरील थर जाड झाला, तर तो चुंबकाची जागा व्यापतो आणि बल घटते. थर फार पातळ झाला, तर सूक्ष्म छिद्रे राहतात. निकेलला एक छिद्र राहिले, तरी दमटपणा आत शिरून चुंबक पोखरला जातो. जस्त मात्र स्वतः आधी झिजते व आतील धातूस वाचविते. थर देण्यापूर्वी पृष्ठभाग स्वच्छ असावा, हा कल्हईचा नियम येथेही लागू पडतो.

आपल्या देशात केरळ, तमिळनाडू व ओडिशा येथील किनाऱ्यांच्या वाळूत दुर्मिळ मृदा आढळतात. त्यांवर काम करणारी इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी संस्था १९५० साली स्थापन झाली; तिचे मुख्य कार्यालय मुंबईस आहे. तरीही असे चुंबक आपण बहुतांशी चीनकडून घेत आलो आहोत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा अनेक देशांतील मोटारींचे कारखाने चिंतेत पडले. इतक्या श्रमाने मिळणारी वस्तू गंजून वाया जाऊ देणे कोणत्याही देशास परवडणारे नाही. मिळविणे जितके महत्त्वाचे, तितकेच मिळविलेले राखणेही महत्त्वाचे आहे.

स्वाध्याय
१. कांबीपेक्षा कीस लवकर का गंजतो?
२. लेखकाने गडाच्या खिंडाराची उपमा कशाला दिली आहे?
३. निकेल व जस्त यांच्या रक्षण करण्याच्या रीतीतील फरक सांगा.
४. ‘मिळविलेले राखणे’ या विषयावर दहा ओळी लिहा.