पट्टे कशासाठी, की कशामुळे?

"वाघास पट्टे कशासाठी?" असे मुलाने विचारताच "लपता यावे म्हणून निसर्गाने दिले," हे उत्तर शिक्षकाच्या तोंडून सहज निघते. त्यातील ‘म्हणून’ घोटाळा करतो. हरणांस नारिंगी व हिरवा हा भेद नीट कळत नाही; गवतातील पट्टेरी वाघ त्यांस चटकन दिसत नाही, हे खरे. परंतु हे कोणी आधी योजले नव्हते. ज्या पूर्वजांच्या जन्मजात खुणा लपण्यास सोयीच्या ठरल्या, त्यांस शिकार अधिक साधली, संतती वाढली व तोच गुण वंशात उतरत गेला. चार्ल्स डार्विनने १८५९ साली मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच. सृष्टीस हेतू आहे काय, हा प्रश्न निराळा. तो पट्ट्यांवरून सुटत नाही. जन्मजात भेद दाखविण्यास गावातील एकाच कुत्रीची पिले मुलांस ताडून पाहावयास सांगावीत. ठिपके सहसा सारखे निघत नाहीत.