शब्दांची नाती

प्रस्तावना

शब्दसंपत्ती म्हणजे पाठ केलेल्या शब्दांची यादी, असा सर्वसाधारण समज आहे. शब्दकोश उघडावा, शब्द आणि त्याचा अर्थ वहीत उतरवून घ्यावा व तो घोकावा, ही रीत अनेकांच्या परिचयाची आहे. परंतु अशा रीतीने जमवलेले शब्द ऐन वेळी आठवत नाहीत. आठवले तरी ते कोठे वापरावेत हे उमगत नाही. याचे कारण असे, की भाषेत कोणताही शब्द एकटा नांदत नाही. त्याचे इतर शब्दांशी नाते असते आणि ते नाते कळल्याखेरीज शब्द आपलासा होत नाही. प्रस्तुत पाठात अमेरिकेतील एका शालेय शब्दस्पर्धेचा परिचय करून दिला आहे. त्या निमित्ताने शब्दांमधील नाते कसे ओळखावे आणि शब्दज्ञानावरून माणसाची बुद्धी कितपत जोखता येते, याचाही विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• समसंबंध म्हणजे काय ते सांगू शकाल;
• दोन शब्दांमधील नाते एका वाक्यात मांडू शकाल;
• बुद्धिमापन चाचण्यांच्या मर्यादा स्पष्ट करू शकाल.

१. पंचवीस शब्दांची स्पर्धा

अमेरिकेत ‘वर्डमास्टर्स चॅलेंज’ ही शालेय स्पर्धा १९८७ मध्ये सुरू झाली. तिसरी ते आठवी या इयत्तांतील मुलांसाठी ती योजलेली आहे. भाषेत विशेष गती असलेल्या मुलांना वर्गातील नेहमीचा अभ्यास अपुरा पडतो. अशा मुलांच्या विचारशक्तीला खाद्य मिळावे, म्हणून शिक्षक त्यांना या स्पर्धेस बसवतात. शालेय वर्षात स्पर्धेच्या तीन फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीपूर्वी इयत्तेनुसार पंचवीस शब्दांची यादी दिली जाते. मुले शब्दकोश पाहतात, वाक्ये रचतात, आपसांत चर्चा करतात आणि मग आपल्याच शाळेत बसून परीक्षा देतात.

येथे शब्द आधीच ठाऊक असतात, अर्थही शब्दकोशात सापडतो. मग स्पर्धा कशाची? ती नाती ओळखण्याची. एका जोडीतील दोन शब्दांमध्ये जो संबंध आहे, तोच संबंध दुसऱ्या जोडीत शोधायचा असतो. अमेरिकेतील राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा १९२५ पासून प्रसिद्ध आहे. तीत मुख्य कसोटी शब्दातील अक्षरे बिनचूक सांगण्याची. मात्र २०१३ मध्ये तेथेही शब्दार्थांवरील प्रश्नांचा समावेश करण्यात आला. अक्षरे अचूक सांगता आली, म्हणजे शब्द कळलाच असे नव्हे, हा विचार त्यामागे दिसतो.

२. समसंबंध म्हणजे काय?

दोन जोड्यांमधील समान संबंधाला ‘समसंबंध’ म्हणतात. महाराष्ट्रातील शालेय शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीमुळे हा शब्द मराठी घरांत परिचित झाला आहे. पुढील उदाहरण पाहा :

सुई : शिंपी :: नांगर : ?
(शेत, बैल, शेतकरी, पीक)

या चारही शब्दांचा नांगराशी संबंध आहे. नांगर शेतात चालतो, बैल तो ओढतात, नांगरणीनंतर पीक येते. घाईने उत्तर देणारा येथेच फसतो. म्हणून आधी पहिल्या जोडीचे वाक्य करावे : ‘सुई हे शिंप्याचे साधन आहे.’ तेच वाक्य दुसऱ्या जोडीला लावावे : ‘नांगर हे शेतकऱ्याचे साधन आहे.’ वाक्य जितके नेमके, तितके उत्तर निश्चित होते. ‘सुईचा शिंप्याशी संबंध आहे’ एवढेच मोघम वाक्य केले, तर बैलही चालेल आणि शेतही!

शब्दांची नाती अनेक प्रकारची असतात. ‘ठिणगी’ आणि ‘वणवा’ यांत कारण आणि परिणाम असे नाते आहे. ‘पाकळी’ आणि ‘फूल’ यांत भाग आणि संपूर्ण वस्तू यांचे नाते आहे. ‘मीठ’ आणि ‘अळणी’ यांत अभावाचे नाते आहे. जेथे मीठ नाही ते अळणी. ‘झुळूक’ आणि ‘वादळ’ दोन्ही वाराच, पण त्यांत तीव्रतेचा भेद आहे.

साम्यावरून अर्थ जाणण्याची ही रीत भारतीय विचारालाही नवी नाही. न्यायदर्शनाने ज्ञानाची जी चार प्रमाणे मानली, त्यांत ‘उपमान’ हे एक आहे. त्याचे परंपरागत उदाहरण असे : नगरात राहणाऱ्या माणसाने ‘गवय’ हा शब्द ऐकला आहे, पण तो प्राणी पाहिलेला नाही. अरण्यात वावरणारा त्याला सांगतो, की गवय गायीसारखा असतो. पुढे रानात तसा प्राणी दिसताच त्याला उमगते, की गवय म्हणतात तो हाच. ज्ञात गायीच्या आधाराने अज्ञात शब्दाचा अर्थ त्याच्या हाती लागतो.

पाठगत प्रश्न

आधी वाक्य करा, मग योग्य शब्द निवडा.
(अ) झुळूक : वादळ :: कुजबुज : ? (कान, गुपित, आरोळी, ओठ)
(आ) मीठ : अळणी :: पाणी : ? (विहीर, कोरडे, तहान, घागर)
(इ) शिंपी : कात्री :: न्हावी : ? (केस, आरसा, वस्तरा, दुकान)

३. मोजमापाच्या मर्यादा

समसंबंधाचे प्रश्न स्पर्धेपुरते मर्यादित राहिले नाहीत. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या ‘एसएटी’ या परीक्षेतही ते अनेक वर्षे विचारले जात. त्यांपैकी एका प्रश्नाची पुष्कळ चर्चा झाली. धावपटू आणि मॅरेथॉन यांत जे नाते, तेच वल्हेकरी आणि ‘रेगाटा’ यांत, असे त्याचे उत्तर होते. रेगाटा म्हणजे नौकांची शर्यत. ज्यांच्या घरी अशा शर्यतींचा विषय निघतो, त्यांना उत्तर सोपे. ज्याने हा शब्द कधीच ऐकलेला नाही, त्याने तर्क तरी कशावर करावा? असा प्रश्न बुद्धी मोजतो की परिस्थिती, असा आक्षेप घेतला गेला. पुढे २००५ मध्ये या परीक्षेतून समसंबंधाचे प्रश्न वगळण्यात आले.

‘मोट’ हा शब्द जुन्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. शहरातील हुशार मुलगा त्यावर अडू शकतो. तेवढ्यावरून त्या मुलाला मंदबुद्धी ठरवणे जसे चूक, तसेच पुस्तकी शब्द न कळणाऱ्या प्रौढाला अडाणी म्हणणेही चूकच.

चाचणीची चाळणी कशी चुकू शकते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार प्रज्ञावान मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. ही निवड बुद्धिमापन चाचण्यांच्या आधारे झाली होती. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोन मुलांचीही चाचणी झाली, परंतु त्यांचे गुण अपुरे ठरले. शॉकली यांना १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले!

या दृष्टीने पाहता, यादी आधी हाती देणाऱ्या स्पर्धेचा एक गुण लक्षात येतो. रेगाटा ठाऊक आहे की नाही, हे ती विचारत नाही. तो शब्द शिकण्यास अवधी देते आणि मग विचार करण्यास सांगते. घरी पुस्तके असणारा आणि नसणारा यांतील अंतर त्यामुळे पूर्णपणे मिटत नाही. पण कमी मात्र होते.

उशिरा शिकू लागणाऱ्या माणसाजवळ पुस्तकी शब्द कमी असतील. नाती मात्र कमी नसतात. हत्यार आणि कारागीर, बी आणि पीक, कर्ज आणि व्याज हे संबंध त्याने जगून जाणलेले असतात. नवा शब्द भेटताच ‘याचा अर्थ काय?’ याबरोबरच ‘हा कोणासारखा, कोणाच्या उलट, कशाचा भाग?’ हेही विचारावे. त्या प्रश्नांची उत्तरे मिळाली, की शब्द स्मरणात राहतो आणि गरजेच्या वेळी हाताशी येतो.

शब्दार्थ

घोकणे – पुन्हा पुन्हा म्हणून पाठ करणे
मोघम – अस्पष्ट, नेमके नसलेले
प्रमाण – यथार्थ ज्ञानाचे साधन
मोट – विहिरीतून पाणी काढण्याचे चामड्याचे साधन
आक्षेप – हरकत

स्वाध्याय

१. यादी आधी देऊन घेतलेली परीक्षा आणि यादी न देता घेतलेली परीक्षा यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. तुमच्या व्यवसायातील किंवा घरकामातील शब्द घेऊन समसंबंधाची तीन उदाहरणे तयार करा. प्रत्येकाचे नाते एका वाक्यात लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे : (अ) आरोळी (आ) कोरडे (इ) वस्तरा