भूगोलाचा पाठ : कोकणचा रस्ता आणि नद्या

कोकणात प्रवासी येतो तो समुद्र पाहावयास. त्याला तेथवर पोहोचविणाऱ्या रस्त्याचा विचार क्वचितच होतो. शिक्षकाने पाठाचा आरंभ नकाशापासून करावा. पनवेलहून गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ दक्षिणेस जातो. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या मात्र पश्चिमेस समुद्राकडे धावतात. म्हणून या रस्त्यास महाडजवळ सावित्री, खेडजवळ जगबुडी, चिपळुणास वाशिष्ठी व संगमेश्वरास शास्त्री ओलांडावी लागते. १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेलाही पुलांखेरीज ९१ बोगदे लागले.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल महापुरात कोसळला. एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नवा पूल २०१७ साली खुला झाला. ही हकीकत भय घालण्यासाठी नव्हे, तर पुलाची वेळच्या वेळी तपासणी का हवी हे उमगावे म्हणून सांगावी.

पाऊस ओसरल्यावर मुलांना गावच्या पुलापाशी न्यावे, पुराच्या खुणा दाखवाव्यात आणि विचारावे : पाणी येथवर चढले असता कोणाची वाट अडेल? उत्तरे मुलांनीच फळ्यावर लिहावीत.